बँकेच्या ई-लिलावात बोली कुठवर न्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवली पूर्वेला एका बँकेने थकीत कर्जापोटी काढलेला वन बीएचके ई-लिलावात आहे. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बँक विकणार नाही ती, ३२ लाख, इसारा अनामत रक्कम ३ लाख २० हजार, बोली वाढवण्याचा टप्पा २५ हजार, ताबा सांकेतिक. एजंट सांगतो की बाजारभाव ४५ लाख आहे. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच ऑनलाइन बोली लावणार आहात आणि विचारताय, सुरुवातीलाच मोठी बोली टाकून बाकीच्यांना घाबरवावं, की शेवटच्या दहा सेकंदांत टाकून बाजी मारावी?

मी आधी बरीच वर्षं बँकेच्या वसुली खात्यात होतो, म्हणजे लिलाव लावणाऱ्यांच्या बाजूला. आता घेणाऱ्यांसाठी कागद तपासतो आणि त्यांच्या शेजारी बसून बोली लावतो. तुमच्या दोन्ही युक्त्यांबद्दल सांगतोच, पण मला खरी चिंता आहे ती तुम्ही सहज लिहून टाकलेल्या ‘ताबा सांकेतिक’ या दोन शब्दांची.

शेवटच्या दहा सेकंदांचं आधी निकालात काढू. ही युक्ती ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरून आली. तिथे लिलावाची वेळ ठरलेली असते, घड्याळात शून्य झालं की खेळ खलास. शिवाय तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच भरता आणि यंत्रणा तुमच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक टप्पा वर एवढंच बोलते. म्हणून तिथले मुरलेले लोक शेवटच्या क्षणापर्यंत गप्प बसतात, समोरच्याला फेरविचाराला वेळच देत नाहीत. अॅमेझॉननेही एके काळी लिलाव चालवले होते, पण त्यांचा नियम वेगळा होता. शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली या दोन्हींची तुलना छापली. शेवटच्या क्षणी बोली टाकायची सवय ईबेवर भरपूर दिसली, अॅमेझॉनवर बरीच कमी. माणसं तशीच, पण लिलाव संपण्याचा नियम बदलला तशी त्यांची वागणूक बदलली.

आपल्याकडचे बँकांचे लिलाव अॅमेझॉनच्या जातीचे. तुमची लिलाव सूचना काढून बघा, ‘प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद विस्तारासह’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली टाकली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे. अकरा ते बाराचा लिलाव पावणेतीनपर्यंत चाललेला मी पाहिला आहे, आणि जेवायला उठलेला माणूस हरलेलाही. तेव्हा शेवटच्या सेकंदाला बोली टाकून हाती काही लागत नाही. उलट सर्व्हर अडकला किंवा वायफाय गेलं तर दोष तुमचाच, कारण पोर्टलच्या अटींत ती जबाबदारी आधीच झटकलेली असते. विस्ताराची पाच मिनिटं चालू असताना दोनेक मिनिटं उरली की बोली टाकावी. घाईही नको, ताणूही नका.

सुरुवातीच्या मोठ्या बोलीबद्दल माझं मत वाईट आहे. ३२ लाखांच्या फ्लॅटला कुणी एकदम ३६ म्हटलं, की ज्याने हिशेब केलाय तो आपला कागद बघतो आणि पुढे बोलतो. घाबरतो तो फक्त तुमच्यासारखाच नवखा. आणि समोर कुणीच नसेल तर? तर तुम्ही पावणेचार लाख स्वतःहून जास्त दिलेत. समोर कुणी नसणं अजिबात दुर्मीळ नाही. एकटेच असाल तर साधारण राखीव किमतीवर एक टप्पा एवढं पुरतं, म्हणजे इथे ३२ लाख २५ हजार.

आता तुमच्या आकड्याकडे वळू.

एजंटचे ४५ लाख बाजूला ठेवा. तो मागितला जाणारा भाव झाला. त्याच इमारतीत, नाहीतर शेजारच्या दोन इमारतींत, गेल्या वर्षभरात खरोखर किती रकमेला दस्त झाले ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून बघा. चार-पाच दस्त मिळाले तरी पुरे. धरून चालू की तिथे ४२ लाख निघाले. (लोक इथे मुद्रांक शुल्क वजा करतात आणि हिशेब चुकवतात. ४२ लाखांचा फ्लॅट साध्या मार्गाने घेतलात तरी मुद्रांक शुल्क भरावंच लागतं. बोलीची मर्यादा मोजताना लिलावामुळे जो जादा खर्च येतो तेवढाच धरायचा. खिशातून किती जाणार ते मोजताना मात्र शुल्क हवंच. कल्याण-डोंबिवलीत ७ टक्के, बाईच्या नावावर घर घेतल्यास १ टक्का सवलत, वर ३० हजार नोंदणी फी.)

जादा खर्च असे. कर्जदाराने बँकेचे हप्ते थकवले त्याअर्थी सोसायटीचं मेंटेनन्सही थकवलेलंच असतं. तीन-चार वर्षांची थकबाकी आणि त्यावरचं व्याज धरून १ लाख ८० हजार. मालमत्ता कर आणि वीजबिल ४० हजार. मागच्या मालकाच्या वीजबिलाशी आपला काय संबंध, असं वाटेल, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की पुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल तर ती थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडूनही मागता येते. बंद पडलेल्या घराची दुरुस्ती अडीच लाख. वकील, मालकी आणि बोजे तपासणारा सर्च रिपोर्ट, धावपळ ८० हजार. ही बेरीज झाली साडेपाच लाख.

आणि मग तो ताबा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात छापली, पण आत कर्जदार राहतोय. त्याला बाहेर काढायला बँकेला सरफेसी, म्हणजे बँकांना तारण मालमत्ता विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. कायद्यात त्यासाठी ३० दिवस, कारण नोंदवून एकूण ६० दिवस अशी मुदत आहे. प्रत्यक्षात आदेश, मग तहसीलदाराची तारीख, मग पोलीस बंदोबस्त, मग ऐनवेळी कर्ज वसुली न्यायाधिकरणातून स्थगिती. मी माझ्या हिशेबात एक वर्ष धरतो आणि तेही दर वेळी पुरतंच असं नाही. तेहतीस-चौतीस लाख वर्षभर अडकले तर ९ टक्क्यांनी तीन लाख गेले.

४२ मधून साडेआठ गेले, उरले साडेतेहतीस. यातून मी आणखी दीड लाख काढतो, न दिसलेल्या गोष्टींसाठी. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या बोलींवर लेख लिहिला होता. तेल किती आहे याचा अंदाज प्रत्येक कंपनी करते, कुणाचा कमी येतो कुणाचा जास्त, आणि पट्टा मिळतो तो ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला असतो त्याला. याला विनर्स कर्स, म्हणजे विजेत्याला लागलेला शाप, म्हणतात. डोंबिवलीच्या फ्लॅटलाही हे तंतोतंत लागू पडतं. पाच जणांनी हिशेब केला आणि तुमचाच आकडा सगळ्यांत मोठा निघाला, तर बाकीच्या चौघांना काय दिसलं जे तुम्हाला दिसलं नाही? तो दीड लाख त्यासाठी.

म्हणजे तुमची मर्यादा आली ३२ लाख. नेमकी राखीव किंमत. आणि पहिली बोलीच ३२ लाख २५ हजारांची आहे.

तेव्हा या फेरीत बोली लावू नका, असं माझं सरळ मत. हाच फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यासह असता तर ते तीन लाख परत येऊन मर्यादा ३५ झाली असती आणि मी म्हटलं असतं, जरूर उतरा.

माझे आकडे अर्थात अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. त्यासाठी पाहणीच्या दिवशी स्वतः जा. सूचनेत तारीख आणि वेळ दिलेली असते आणि निम्मे लोक जातच नाहीत. बँकेचा माणूस दार दाखवतो, सांकेतिक ताबा असेल तर बहुतेक बाहेरूनच. पण दाराबाहेरही बरंच कळतं. मी आधी मीटरच्या खोलीत जातो. चकती फिरतेय किंवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे आत कुणीतरी राहतंय, बँक ‘बंद आहे’ म्हणत असली तरी. मग टपालपेटी. एकदा अंबरनाथला पेटीत एका पतसंस्थेचं पाकीट अर्धवट बाहेर आलेलं दिसलं. बँकेच्या सूचनेत त्या पतसंस्थेचा उल्लेखही नव्हता. पाकीट काही उघडलं नाही, पण त्या नावाने शोध घेतला तेव्हा दुसरा बोजा निघाला. सेरसाई या तारण नोंदवणाऱ्या केंद्रीय नोंदणीतल्या नोंदी बघणं हे काम तसंही करायचंच असतं. त्यानंतर समोरच्या दारातल्या काकू. ‘काकू, इथे घर घेतोय, पाण्याचं कसं आहे?’ एवढं विचारलं तरी कर्जदाराचं भांडण, भाऊबंदकी, कोर्टाच्या तारखा सगळं समजतं. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्या, तोंडी आकडा नंतर वाढतो. हस्तांतरण प्रीमियम म्हणून कुणी लाखभर मागितले तर सांगा की महापालिका हद्दीत त्याला २५ हजारांची कमाल मर्यादा आहे.

पाहणीच्या दिवशीच प्रतिस्पर्धीही मोजून होतात. पोर्टलवर नावं लपलेली असतात, जिन्यात नसतात. टेप घेऊन आलेला गुंतवणूकदार ओळखू येतो, त्याला नफा हवा असतो, तो लवकर थांबेल. नवरा-बायको आणि सोबत सासूबाई आल्या असतील तर ती मंडळी राहण्यासाठी घेणार, ती लांबवर येतील. आणि शेजारच्या फ्लॅटचा मालक घुटमळताना दिसला तर सरळ घरी जावं. हे मी पैसे मोजून शिकलोय. नोकरी सोडल्यानंतर सुरुवातीलाच कल्याणला एका गाळ्यासाठी उतरलो होतो. समोरचा एकटाच, पण थांबेना. प्रत्येक वेळी वाटायचं, हा आता शेवटचा टप्पा. माझ्या मर्यादेच्या वर अकरा टप्पे गेलो आणि जिंकलो. नंतर कळलं की तो शेजारच्या गाळ्याचा मालक. मधली भिंत पाडून त्याचं दुकान दुप्पट होणार होतं, त्यामुळे त्याची मर्यादाच वेगळी होती. अशा माणसाचा आकडा बघून आपला आकडा वाढवणं हा शुद्ध वेडेपणा. तो गाळा मला दोन वर्षांनी तोट्यात विकावा लागला, तोही त्यालाच.

पाहणीच्या वेळी एखादा एजंट बाजूला घेऊन म्हणेल, ‘साहेब, तुम्ही बोलू नका, तुमचं आम्ही बघतो.’ असली सेटिंग कानाआड करा. अनामत भरलेली असताना बँकेला संगनमताचा वास आला तर तुमचं नावही त्यात येईल.

तरीही उतरायचं ठरवलंत, किंवा प्रत्यक्ष ताब्याचा दुसरा फ्लॅट सापडला, तर टप्प्यांचं गणित समजून घ्या. हे फारसं कुणी सांगत नाही. समजा राखीव किंमत ३२, टप्पा २५ हजार आणि तुमची मर्यादा ३५. तुम्ही पहिली बोली टाकली ३२.२५. समोरचा ३२.५०. तुम्ही ३२.७५, तो ३३. असंच चालू राहिलं तर तुमच्या वाट्याला येतात पाव आणि पाऊण, त्याच्या वाट्याला अर्धा आणि पूर्ण. म्हणजे ३५ वर पोचणार तो. तुम्ही ३४.७५ ला असाल, तो ३५ म्हणेल आणि तुमची मर्यादा एवढीच म्हणून तुम्ही उठाल. कदाचित त्याचीही मर्यादा ३५ च असेल! यावर उपाय सोपा आहे. वाटेत एकदा दोन टप्प्यांची उडी घ्या. तो ३४ वर असताना ३४.२५ ऐवजी ३४.५० टाका. तो ३४.७५, तुम्ही ३५. आता त्याला पुढे जायचं तर ३५.२५ म्हणावं लागेल. एखाद्या टप्प्याची उडी मला चालते ती एवढ्यासाठीच, घाबरवण्यासाठी नव्हे. दुसरा उपाय असा की हिशेबात पाव लाख इकडेतिकडे होत असेल तर मर्यादा गोल आकड्यावर ठेवूच नका. बहुतेक लोकांची मर्यादा ३५, ४०, ५० अशीच असते. तुमची ३५.२५ असू द्या.

काही पोर्टलवर ऑटो-बिड असतं, मर्यादा भरा, यंत्रणा चढत जाते. ज्यांचा हात थांबत नाही त्यांना मी तेच लावायला सांगतो. हाताने बोली लावत असाल तर दोन यंत्रं, दोन वेगळी इंटरनेट जोडणी, आणि रक्कम भरल्यावर ती अक्षरांत मोठ्याने वाचून मगच ‘सबमिट’. मी बोली टाकणाऱ्याच्या शेजारी बसतो तो मुख्यतः याच कामासाठी. एकाने माझ्यासमोर ४१ लाख ५० हजारांऐवजी एक शून्य जास्त दाबून ४ कोटी १५ लाख टाकले. टप्प्याच्या पटीत बसत होतं, पोर्टलने घेतलं. बोली मागे घेता येत नाही. त्याची अनामत गेली.

जिंकल्यावर पैशांचं घड्याळ सुरू होतं. ३३ लाखांना जिंकलात असं धरू. २५ टक्के, म्हणजे सव्वाआठ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. अनामतीचे ३ लाख २० हजार वजा जाता ५ लाख ५ हजार लगेच हवेत. उरलेले पावणेपंचवीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. गृहकर्जावर अवलंबून असाल तर ते लिलावाआधीच मंजूर हवं. सांकेतिक ताब्याच्या मालमत्तेला बऱ्याच बँका कर्ज द्यायला नाखूश असतात, तुमच्या फ्लॅटबद्दल माझी नाराजी त्यामुळेही आहे. पैसे वेळेत भरले नाहीत तर भरलेले सगळे २५ टक्के जप्त होऊ शकतात. त्यातला नुकसानीपुरता भाग ठेवून बाकी परत करा, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला होता. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पूर्ण जप्ती योग्य ठरवली.

तुमच्या मनात अजून एक भीती असेल, आपण जिंकलो आणि कर्जदाराने पैसे भरून घर सोडवून नेलं तर? त्याचं उत्तर सप्टेंबर २०२३ च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात आहे. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातली मालमत्ता होती. आठ लिलाव फसले, नवव्यात राखीव किंमत १०५ कोटी आणि जिंकलेली बोली १०५ कोटी ५ लाख. मग कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार झाला आणि उच्च न्यायालयाने त्याला मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की मालमत्ता सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असं ठरलं. एवढ्याने तो न्यायाधिकरणात जायचा थांबत नाही, पण बोली लावणाऱ्याचा पाया बराच भक्कम झाला. सहकारी बँकेचा लिलाव असेल तरी कायदा हाच. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात मे २०२० मध्ये घटनापीठाने सरफेसी सहकारी बँकांनाही लागू असल्याचं सांगितलं, ते आपल्या कोल्हापूरकडचंच प्रकरण.

बाफना खटल्यातले आठ फसलेले लिलाव लक्षात घ्या. लिलाव फसला की बँक पुढची सूचना पंधरा दिवसांच्या मुदतीने काढू शकते आणि राखीव किंमत बहुधा खाली आणते. किती, ते प्रत्येक बँकेचं वेगळं. वसुली खात्यात असताना आम्ही साधारण १० टक्के उतरवायचो आणि मार्चअखेरीस जरा मोकळ्या हाताने. तुमचा फ्लॅट या फेरीत गेला नाही आणि २८ लाख ८० हजारांवर परत आला, तर पहिली बोली २९ लाख ५ हजारांची. तुमची मर्यादा ३२ आहेच, म्हणजे हातात अकरा टप्पे उरतात. मध्यंतरी लिलाव चालवणाऱ्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटून कलम १४ चा अर्ज कुठवर आलाय ते विचारून ठेवा. आदेशाची प्रत दाखवली तर वर्षाऐवजी सहा महिने धरा, मर्यादा दीड लाखाने वर सरकेल. ‘होऊन जाईल हो’ म्हणाला तर वर्षच धरा.